डिस्क लागतेय

आमच्या घरात आवाजाची काही कमी नव्हती, तरी गाडीने त्यात भर घातली. चाक फिरलं की खर्र, वळलं की जास्त खर्र, थांबलं की गप्प. घरातलं दुसरं कोणी इतक्या सहज गप्प बसत नाही, म्हणून मला त्या गाडीचं थोडं कौतुकही वाटायचं.

शनिवारी नवरा गाडी गॅरेजला घेऊन गेला आणि लगेच परत आला. चपला काढायच्या आधीच त्याने दारातून जाहीर केलं, "डिस्क लागतेय."

"कसली डिस्क?"

"ब्रेकची. चाकाच्या आत लोखंडी थाळी असते. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी पॅड येतात आणि तिला चिमटीत धरतात, तेव्हा गाडी थांबते." त्याने वर्तमानपत्र दोन तळहातांत दाबून दाखवलं. "ती थाळी म्हणजे डिस्क. मेकॅनिक म्हणाला, डिस्क लागतेय."

"मग घाल नवीन. त्यात एवढं काय?"

यावर त्याने तो चेहरा केला. इतक्या वर्षांच्या संसारात तो चेहरा मला पाठ झालाय. पोटात काहीतरी आहे आणि ओठावर भलतंच येणार आहे, असा. "घालायला हरकत नाही," तो म्हणाला, "पण एवढ्या जुन्या गाडीत किती घालत बसायचं? आज डिस्क, उद्या आणखी काही. त्यापेक्षा या निमित्ताने..."

वाक्य तिथेच सोडून तो हात धुवायला गेला. राहिलेलं वाक्य मला ऐकू आलं, आणि आतल्या खोलीत बसलेल्या माझ्या सासूबाईंनाही ऐकू आलं. त्यांचे कान शाबूत आहेत.

गाडी म्हणायला घरची, पण खरी ती आईंचीच. मला चालवता येत नाही. नवऱ्याला येते, पण तो अशी चालवतो की बघणाऱ्याला वाटावं, दुसऱ्याची उचलून आणलीय. साठी उलटल्यावर आई शिकल्या आणि आता पंचाहत्तरी उलटली तरी दर बुधवारी गाडी काढून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जातात. तिथे त्यांची धाकटी बहीण असते, चढावरच्या एका वृद्धाश्रमात, पलंगावर. दोन बस बदलून, वर तो चढ चढून जाणं आईंच्या गुडघ्यांना झेपणार नाही. मावशींकडे नर्स येतात, डॉक्टर येतात, सगळे त्यांना अहो-जाहो करतात. अगं-तुगं करणारं माणूस फक्त बुधवारी येतं. आईंची गाडी गेली तर काय जाणार होतं, ते मला वेगळं सांगायला नको.

आणि नवऱ्याला नेमकी तीच गाडी जायला हवी होती. आईला पोटभर भिणारा मुलगा आहे तो. "आई, आता गाडी चालवू नकोस," हे वाक्य कितीतरी महिने त्याच्या घशात अडकलं होतं. शनिवारी त्याच्या हाती डिस्क लागली आणि त्याने ती पुढे केली, असा माझा तरी हिशेब होता.

आई बाहेर आल्या. खुर्चीत बसल्या. "काय म्हणालास? गाडी काढून टाकायची?"

"मी कुठे म्हणालो," नवरा टॉवेलमागून बोलला. "मेकॅनिक म्हणतो, डिस्क लागतेय."

"मेकॅनिकने गाडी काढून टाका म्हटलं?"

"तसं नाही. पण डिस्कच गेल्या असतील, तर काय अर्थ आहे?"

"ठीक आहे," आई म्हणाल्या. "डिस्क गेल्या असतील तर गाडी विकून टाक, मी एक शब्द बोलणार नाही. पण गेल्या नसतील, तर पुन्हा माझ्या गाडीचा विषय या घरात काढायचा नाही. कबूल?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मी मजेत पंख्याकडे बघितलं. "कबूल," तो म्हणाला, पण दाढ दुखत असल्यासारखा.

रविवारी सकाळी आमचं सगळं खानदान खाली गाडीशेजारी उकिडवं बसलं होतं. नवऱ्याने मोबाईलची बॅटरी चाकाच्या जाळीतून आत मारली आणि व्हिडिओत शिकलेलं सगळं आम्हाला शिकवायला घेतलं. "हे बघ, आई, कडेला गंज. आणि हे चर. दिसले? गोल गोल चर पडलेत डिस्कवर."

आईंनी चष्मा पुसून आत डोकावून बघितलं. "माझ्या तोंडावर यापेक्षा जास्त पडलेत," त्या म्हणाल्या. "मला कुठे बदलायला नेताय?"

मी इतकी हसले की समोरच्या गॅलरीत कोणीतरी बाहेर येऊन बघून गेलं. नवरा हसला नाही. तो चाकाच्या कडेवरून बोट फिरवत बसला होता, फार वेळ. मी म्हटलं, झालं का संशोधन? तर म्हणाला, झालं.

"उद्या मी आणि आई जातो गॅरेजला," मी सांगितलं. "माझ्यासमोर सांगू दे त्याला, का लागतेय डिस्क."

"कशाला? तेच सांगेल तो परत."

"सांगू दे. ऐकायची मला सवय आहे."

ती खरंच आहे. मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारींच्या खिडकीत बसते. दिवसभर लोक काचेपलीकडून माझ्यावर ओरडतात. म्हणून संध्याकाळी घरी थोडं ओरडायचा आपल्याला हक्क आहे, असं मी धरून चालते. आणि खिडकीत बसून एक गोष्ट शिकले. माणूस तक्रार एका गोष्टीची करतो आणि त्याला टोचत असतं दुसरंच.

सोमवारी अर्धी रजा टाकली. आईंनी गाडी काढली, मी शेजारी बसले, आणि खर्र खर्र करत आम्ही वरातीसारख्या गॅरेजपर्यंत पोचलो. लोक वळून वळून बघत होते. आई नेहमी गाडी चालवताना भरपूर बोलतात, पुढच्या गाडीवाल्यापासून सरकारपर्यंत सगळ्यांना. त्या दिवशी गप्प होत्या. मला वाटलं, गाडीचं टेन्शन.

गॅरेज म्हणजे पत्र्याची लांब शेड, दारात टायरांची चळत, आत एक गाडी वर टांगलेली. मेकॅनिक तिच्याखाली उभा होता. मधल्या वयाचा, खांदे पुढे आलेले, आणि ओठांत तीन-चार स्क्रू धरलेले. ही त्याची सवय. खाली ठेवले की हरवतात म्हणे. त्यामुळे तो निम्मे शब्द गिळतो. वाक्यात कर्ता असला तर कर्म नसतं, दोन्ही असलं तर क्रियापद आपण लावून घ्यायचं.

"शनिवारी आमच्या ह्यांना तुम्ही सांगितलंत, डिस्क लागतेय," मी सुरुवात केली.

"हो. लागतेय ना."

"पण खरंच लागतेय का?"

"तुम्हाला ऐकू नाही आलं? मला गल्लीच्या तोंडापासून येत होतं."

ऐकू येण्याचा इथे काय संबंध, ते मला कळलं नाही. पण मी अशी सोडणारी नव्हे. "किती लागतात?"

"एकच. पुढची, डावी."

"एकच लागते? मला वाटलं, दोन्ही बदलायच्या."

"काय दोन्ही?"

"डिस्क."

"कशाला बदलायच्या?"

"लागतेय म्हणून."

"लागतेय म्हणून कोण बदलतं, ताई? लागणार नाही असं करायचं."

"असं कसं लागणार नाही? गाडीला ब्रेक नकोत का?"

"ब्रेकचं कुठे काय म्हणालो मी?"

आई स्टुलावर बसून एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "अरे, तोंडातले ते स्क्रू काढ आणि शाळेत बोलतात तसं पूर्ण वाक्य बोल."

त्याने निमूटपणे स्क्रू काढले, झाकणात ठेवले. "काकू," तो सावकाश म्हणाला, "तुमच्या गाडीची डिस्क मागच्या पत्र्याला लागतेय. घासतेय. म्हणून खर्र होतंय."



"म्हणजे नवीन डिस्क लागतेय, असं नाही?" मी विचारलं.

"तसं असतं तर, डिस्क बदला, असं म्हणालो असतो. डिस्कच्या मागे एक पातळ पत्रा असतो, चिखल-माती आत उडू नये म्हणून. तो वाकलाय आणि डिस्कला टेकतोय. शनिवारीच म्हटलं साहेबांना, थांबा, लगेच सरळ करून देतो. ते म्हणाले, राहू दे, घाई आहे. आणि गेले."

त्या वेळी मला नवऱ्याबद्दल इतकं प्रेम वाटलं म्हणून सांगू. एवढा मोठा गाढवपणा त्याने आयता माझ्या हातात आणून दिला होता. एक शब्द धड ऐकता येत नाही आणि गाडी विकायला निघालाय. हे मला वर्षभर पुरलं असतं. पाहुण्यांसमोर, नणंदेसमोर, त्याच्या ऑफिसच्या लोकांसमोर, कसकसं सांगायचं ते मी तिथल्या तिथे मनात बसवूनही टाकलं.

"तरी आलोच आहोत तर डिस्क नीट तपासा," मी म्हटलं. "घरात पैज लागलीय म्हणा."

त्याने गाडी उचलली, चाक काढलं. आत ती थाळी, मधे चकचकीत, कडेला तांबूस. त्याने नख चरांवरून आडवं ओढलं. "नख अडकत नाही. असे चर सगळ्यांनाच पडतात. हा गंज वरवरचा, दोनदा ब्रेक मारला की निघतो." मग आईंकडे वळून, "ब्रेक दाबल्यावर पायाखाली थरथरतं का? स्टीअरिंग हलतं?"

"नाही," आई म्हणाल्या.

"मग वेडीवाकडीही नाही." त्याने जाडी मोजायचं मायक्रोमीटर काढलं, डिस्क ठिकठिकाणी चिमटीत धरली. डिस्कच्याच कडेवर एक बारीक आकडा ठोकलेला होता, तो त्याने मला वाकायला लावून दाखवला. जाडी याच्या खाली गेली की बदला, असं बनवणाराच सांगून ठेवतो म्हणे. आमची कितीतरी वर होती. दुसरीकडची बघितली, तीही तशीच. "काकू, डिस्क ठणठणीत आहेत. निवांत चालवा."

मग त्याने एक पाना घेतला, मागच्या पत्र्याला टेकवून हलकेच ओढला. हाताने डिस्क गरकन फिरवली. आवाज नाही. इतके दिवस घर डोक्यावर घेतलेला आवाज एवढ्याशा ओढण्याने गेला.

"बघितलंत, आई?" मी म्हटलं. मला नाचायचं तेवढं बाकी होतं. "आता बघतेच मी त्याच्याकडे. आता काढू दे विषय."

आईंनी पर्स मांडीवर ओढून घेतली.

मेकॅनिक चाकाकडे बघत होता. चाकाची कड एका जागी खरवडून पांढरी पडली होती. "पण हा पत्रा असा आपोआप नाही वाकत," तो म्हणाला. "फुटपाथवर चढवली का कोणी?"

"यांनीच चढवली असणार," मी लगेच म्हटलं. "त्यांना स्वतःच्या चपला नीट पार्क करता येत नाहीत." आणि हसून आईंकडे बघितलं, तर त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मांडीवरच्या पर्सची चेन लावत होत्या, उघडत होत्या, परत लावत होत्या.

मेकॅनिक हात धुवायला मागे गेला.

"मी चढवली," आई म्हणाल्या.

तक्रारींच्या खिडकीत इतकी वर्षं बसून मला तेवढं कळतं, कधी गप्प बसायचं.

"मागच्या बुधवारी. येताना. औषधाच्या दुकानाचा सिग्नल आहे ना, तो लाल झाला. मला दिसला, नाही दिसला असं नाही. ब्रेक दाबायचा हेही डोक्यात आलं. पण पाय जागचा हललाच नाही गं. हलला तेव्हा समोर माणसं रस्ता ओलांडत होती. मी स्टीअरिंग फिरवलं, गाडी फुटपाथवर गेली आणि तिथे थांबली." त्यांनी चेन पुन्हा उघडली. "ब्रेक एकदम छान लागला. डिस्क चांगल्याच आहेत, ते मला त्याच दिवशी कळलं. माझा पायच उशिरा पोचला."

"फुटपाथवर कोणी...?"

"एक बाई होती. हातात पिशवी. गाडीच्या नाकापासून एवढ्यावर." त्यांनी दोन हातांत अंतर दाखवलं. "ती घाबरून मागे सरकली आणि मला काय म्हणाली माहितीये? सॉरी म्हणाली. मी तिच्या अंगावर गाडी घातली, आणि ती मला सॉरी म्हणाली. मी काचही खाली केली नाही. तशीच मागे घेतली आणि घरी आले. तेव्हापासून झोप नाही मला."

मला एकाच वेळी त्यांचा भयंकर राग आला आणि त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं. दोन्हींतलं काहीच केलं नाही. स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसले.

तेवढ्यात माझा फोन वाजला. नवराच. मी उचलला. मघापासून जे वाक्य घोटून ठेवलं होतं ते आत्ता म्हणायचं होतं. डिस्क ठणठणीत आहेत, आणि तू ठार बहिरा आहेस. म्हटलं असतं तर कबुलीप्रमाणे विषय कायमचा बंद. आणि बुधवारी आई पुन्हा गाडी काढणार. नाही तर त्या सिग्नलची गोष्ट सांगायची, आणि मग आयुष्यभर जो तो त्यांच्याकडे बघून मान हलवणार.

"काय झालं? काय म्हणाला तो?" नवरा विचारत होता.

आईंनी माझ्या हातातून फोन घेतला. "तुझं बरोबर होतं रे," त्या अगदी खणखणीत आवाजात म्हणाल्या. "डिस्क गेल्या. दोन्ही. विकून टाक गाडी."

मी वाट बघत होते की आता हा उड्या मारणार, मी म्हणत नव्हतो का म्हणणार. तो एवढंच म्हणाला, "बरं, आई."

मेकॅनिक टॉवेल घेऊन तिथेच उभा होता. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "काकू, अहो, डिस्क..."

"तुला कोणी विचारलं?" आई म्हणाल्या. "गाडी तूच विक. घेणाऱ्याला जे आहे ते खरं सांग. आमच्या घरून फोन आला तर तोंडात स्क्रू धरून बोल."

गाडी तिथेच ठेवून आम्ही बसने घरी आलो. आईंनी निघताना बोनेटवर एकदा हात ठेवला, बाकी काही नाही. बसमध्ये मात्र त्यांना कंठ फुटला. ड्रायव्हर कसा चालवतोय, कुठे वळताना चुकला, याला लायसन्स दिलं कोणी, सगळं. मला इतकं बरं वाटलं ते ऐकून.

घरी नवरा आमच्या आधी येऊन बसला होता. आईंना बघून उठला आणि जरा जास्तच मोठ्याने म्हणाला, "गाडीच जुनी झाली होती, आई. तू कितीही चांगली चालवलीस, तरी गाडी काय करणार?"

"तेच तर," आई म्हणाल्या, आणि कपडे बदलायला आत गेल्या.

मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले. माझ्या मनात एवढंच होतं, की आता या माणसाची फुशारकी जन्मभर ऐकायची आणि खरं काय ते पोटात ठेवायचं. तो माझ्या मागोमाग आला. दार लोटलं. ओट्याला टेकला. आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

"कोणाला लागलं तर नाही ना?"

पेला माझ्या हातातच राहिला. "तुला माहीत होतं?"

"चाकाची कड खरवडलेली होती, फुटपाथला घासल्यासारखी. आणि बुधवारपासून ती रात्री खोलीत फेऱ्या मारते, मला ऐकू येतात."

"आणि ती डिस्क? मेकॅनिक काय म्हणाला, ते तुला नीट कळलं होतं?"

"तो म्हणाला, डिस्क लागतेय. मी येऊन तेवढंच सांगितलं. पदरचं अक्षर घातलं नाही. तिला दुसरं काय सांगायचं होतं मी? कसं सांगायचं होतं? ते सोड, आधी सांग, कोणाला लागलं का?"

"नाही," मी म्हटलं. "कोणालाच नाही. एक बाई होती. तिने आईंना सॉरी म्हटलं."

तो हसायला लागला. तोंडावर हात दाबून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून, आणि हसता हसता ओटा धरून खाली फरशीवर बसला. मी पेला ठेवला आणि त्याच्या शेजारी बसले. मग त्याने डोळे पुसले, आणि म्हणाला की बुधवारी तो सुट्टी घेईल, आईला टॅक्सीने मावशीकडे घेऊन जाईल आणि स्वतः खाली बागेत बसून राहील, म्हणजे त्या दोघींना हवं तितकं बोलता येईल.